मग प्रेसचा संरक्षक कागद: कामाच्या नोंदी

४ जून

वापरलेली मग प्रेस घेतली, म्हणजे तापणाऱ्या सिलिकॉन पॅडमध्ये मग घट्ट दाबून कागदावरची छपाई मगवर उतरवणारे यंत्र. तापमान नीट धरते, टायमर बरोबर चालतो, दांडा ओढला की दाबही घट्ट बसतो. फक्त आतल्या सिलिकॉन पॅडवर आधीच्या कामाचे डाग आहेत: मधोमध निळसर-जांभळट ढग, एका कडेला काळपट पट्टा आणि हँडलच्या फटीजवळ बारीक अक्षरांचा ठसा. थंड पॅड अल्कोहोलने पुसून पाहिले. कापडावर थोडा रंग आला, पॅडवरचे डाग जवळजवळ होते तसेच राहिले.

हातातले काम पांढऱ्या जागेचे आहे. मगच्या एका बाजूला बारीक रेघांचे चित्र, दुसऱ्या बाजूला दोन ओळी मजकूर, बाकी सगळा मग पांढरा. भरगच्च डिझाइन असते तर हलकी छटा खपून गेली असती, इथे ती पहिल्या नजरेत दिसेल.

म्हणून आधी पॅडचीच परीक्षा घेतली. कोरा मग थेट पॅडमध्ये धरला, छपाईचा कागद नाही, मध्ये दुसरेही काही नाही. १९० अंश, १६० सेकंद. मग बाहेर काढून खिडकीपाशी फिरवला तर अंगावर निळसर धूसर छटा आलेली, आणि हँडलजवळ ती बारीक अक्षरे पुसट पण ओळखता येतील इतकी. नखाने खरवडली, अल्कोहोलने पुसली, काही फरक नाही. रंग मगवरच्या कोटिंगच्या आत शिरला होता.

दुसरा कोरा मग पॅडमध्ये धरला, मात्र मध्ये साध्या कागदाचा एक थर घातला. तापमान तेच, वेळ तीच. मग स्वच्छ निघाला.

मध्ये कागद हवा हे यातून नक्की झाले. कोणता कागद, किती थर, किती मोठा, एकदाच वापरायचा की पुन्हा पुन्हा, हे या नोंदींमध्ये ठरवायचे आहे.

५ जून

चाचण्यांआधी आत काय घडते ते मांडून ठेवते, म्हणजे पुढचे निकाल कशाशी ताडायचे ते कळेल.

सब्लिमेशनच्या शाईत डिस्पर्स जातीचे रंग असतात. पाण्यात जवळजवळ न विरघळणारे हे रंग १९२० च्या दशकात ॲसिटेट धाग्यासाठी निघाले आणि पुढे पॉलिएस्टरवर स्थिरावले. साधारण १८० ते २०० अंशांना ते घनाचे थेट वायू होतात. मगवरच्या पॉलिएस्टर जातीच्या कोटिंगमध्ये हा वायू शिरतो आणि कोटिंग थंड झाले की तिथेच अडकून राहतो. साध्या चिनी मातीच्या मगवर हे होत नाही, कारण काचेसारख्या झिलईत त्याला शिरायला जागाच नसते.

वायूला मात्र दिशा कळत नाही. छपाईच्या कागदाचे अस्तर बराचसा रंग मगच्या बाजूला सोडते, तरी दोन-तीन मिनिटांच्या दाबात थोडा वायू मागून झिरपतो आणि थोडा कडेने निसटतो. त्याच्यासमोर येते ते पॅड. सिलिकॉन रबर वायूंना बरेच आत घेते, आरपारही जाऊ देते. त्यामुळे रंग नुसता पॅडच्या पृष्ठभागावर बसत नाही, आत मुरतो, आणि पुढच्या वेळी पॅड तापले की त्यातला काही परत बाहेर येतो. काल पुसूनही डाग का गेले नाहीत याचा उलगडा इथे होतो. अडवण्याची जागा एकच आहे, रंग पॅडपर्यंत पोहोचण्याआधीची.

मधल्या कागदाकडे केवळ आडोसा म्हणून पाहू नये असे मला वाटते. त्याने वायू आणि वाफ पिऊन घेतली पाहिजे. नुसते अडवणारे साहित्य रंग परतवून लावते, आणि परतलेला रंग कुठेतरी बसतोच.

७ जून

पॅडची साफसफाई. पांढरे पॉलिएस्टरचे कापड एका बाद मगभोवती गुंडाळले आणि नेहमीच्या तापमानाला दाबले. डिस्पर्स रंगाला पॉलिएस्टरची ओढ असते, त्याच गुणाचा इथे उपयोग. कापड उलगडले तर त्यावर पॅडवरच्या ढगाची फिकट नक्कल उमटली होती. कापडाची नवी बाजू घेऊन पुन्हा दाबले, पुन्हा घेतले, आणि छटा उतरत गेली. शेवटच्या तुकड्यावर निरखून पाहिल्यावरच काही दिसेल इतकेच उरले.

पॅड डोळ्यांना अजून डागाळलेले दिसते. पण सैल रंग निघून गेला आहे आणि कोऱ्या मगवर आता फारच कमी उमटते. कागदांची तुलना करायला इतके स्वच्छ पॅड पुरेसे आहे.

८ जून

तुलनेसाठी साहित्य जमवले: टेफ्लॉनची शीट, बेकिंगचा सिलिकॉन कोटिंगवाला कागद, झेरॉक्सचा साधा कागद, तपकिरी क्राफ्ट (पिशव्यांचा जाड कागद) आणि कोरा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा न छापलेला कागद). छापील वर्तमानपत्र मुद्दाम घेतले नाही, त्याची शाई गरम पॅडला आणि मगला दोन्हींना लागू शकते. खाद्यपदार्थ गुंडाळायचा पांढरा कागद मिळाला तर चालेल, पण त्यावर मेण किंवा प्लॅस्टिकचा थर नाही याची खात्री करून घ्यावी लागेल. पाण्याचा थेंब टाकला की कळते. थेंब मोत्यासारखा बसून राहिला तर कोटिंग आहे, पसरून मुरला तर कागद कामाचा.

माप. नेहमीच्या ११ औंसांच्या मगचा व्यास ८२ मिमी, म्हणजे परीघ साधारण २५८ मिमी. उंची ९५ मिमीच्या आसपास. छपाईचा कागद २१५ बाय ९५ कापते. संरक्षक कागद २४० बाय ११५ ठेवला आहे, म्हणजे वर-खाली दहा-दहा मिमी बाहेर येतो आणि दोन्ही टोकांना हँडलपर्यंत पोहोचतो, पण हँडलला अडत नाही. अडला तर तिथे दुमडतो आणि दुमडलेल्या जागी दाब बिघडतो. छपाईच्या कागदापेक्षा संरक्षक कागद सगळीकडून मोठा असलाच पाहिजे, कारण सर्वात जास्त रंग निसटतो तो छपाईच्या कागदाच्या कडेने.

सगळ्या तुकड्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातले, आणि तोच क्रमांक मगच्या तळाला. पेन वापरले नाही, त्याच्या शाईचे या तापमानाला काय होईल सांगता येत नाही.

१० जून

चाचणीची प्रिंट सगळ्यांना एकच: काळा भरीव ठोकळा, चार रंगांचे पट्टे, केसासारख्या बारीक रेघा आणि लहान अक्षरांची एक ओळ. तापमान आणि वेळही तेच. दर प्रिंटनंतर तोच संरक्षक तुकडा पुन्हा एका कोऱ्या मगभोवती दाबायचा, म्हणजे त्याने किती रंग धरला आणि किती परत सोडला ते दिसेल.

टेफ्लॉन. पहिली प्रिंट सुरेख आली, रेघा रेखीव, काळा दाट. शीट मात्र वळायला ताठ, मगच्या अंगाशी सहज बसत नाही आणि एका जागी चुणी राहिली. नंतर तीच शीट कोऱ्या मगभोवती दाबली तर त्यावर चारही पट्ट्यांच्या पुसट सावल्या उमटल्या. टेफ्लॉन रंग पीत नाही, तो वरच बसून राहतो आणि पुढच्या मगला मिळतो. प्रत्येक मगनंतर शीट पुसली तर हे टळते, पण घाईच्या कामात पुसायचे राहून जाणारच. वाफेलाही ती वाट देत नाही. टेफ्लॉनला २६० अंशांपलीकडे नेऊ नये. आपण त्याच्या बरेच खाली काम करतो, पण थर्मोस्टॅट बिघडलेल्या यंत्रात ही गोष्ट ध्यानात हवी. शीट बाद केली नाही, सपाट प्रेसच्या खालच्या बाजूला ती उपयोगी आहे.

बेकिंगचा कागद. पातळ, वळायला सोपा, प्रिंट चांगली. पण छपाईच्या कागदाच्या कडेबाहेर निळी झालर आली. आत न मुरलेला रंग दोन कागदांच्या मधून सरकत बाहेर गेला असावा. एकदाच वापरून टाकला तर चालण्यासारखा आहे. दुसरे काही हाताशी नसेल तेव्हा हाच घेईन.

झेरॉक्सचा कागद. रंग चांगला पितो, पॅड स्वच्छ ठेवतो. जरा ताठ आहे, त्यामुळे मगभोवती धरून पॅडमध्ये सरकवताना टोके उघडतात. ए४ चा एक तुकडा एका मगला पुरतो हा मोठा फायदा.

क्राफ्ट. पिण्याचे काम केले, पण त्याच्या एका बाजूला बारीक उभ्या रेघांची पोत असते आणि ती काळ्या ठोकळ्यात तिरक्या उजेडात दिसली. गुळगुळीत बाजू आत घेतल्यावर पोत दिसली नाही. तरी ज्या कागदाची बाजू लक्षात ठेवावी लागते तो रोजच्या कामाला नको.

कोरा न्यूजप्रिंट. मऊ, हलका, मगच्या अंगाला बिलगून बसतो. झाकलेल्या सगळ्या भागात पॅड स्वच्छ राहिले. प्रिंटमध्ये पोत नाही, कडेला झालर नाही. वापरलेल्या तुकड्यावर प्रिंटची पूर्ण आकृती उमटली होती, म्हणजे मागून झिरपलेला रंग त्याने आत घेतला होता. कागद उष्णतेने पिवळसर पडतो, पण तो एकदाच वापरायचा असल्याने त्याचे काही नाही.

रोजच्या कामाला न्यूजप्रिंट आणि तो संपला तर झेरॉक्सचा कागद, असे ठरवले.

१२ जून

रात्रभर पाऊस, खोलीतली हवा दमट. सकाळच्या पहिल्याच प्रिंटमध्ये काळ्या ठोकळ्याच्या कडेला फुगीर ढग आला आणि पांढऱ्या जागेत निळे ठिपके. कागद तोच, यंत्र तेच, बदलली ती फक्त हवा.

थोडे गणित मांडले. छपाईचा कागद १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम), तुकडा २१५ बाय ९५ मिमी, म्हणजे वजन साधारण दोन ग्रॅम. कागदात साध्या हवेत सहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणजे या तुकड्यात साधारण ०.१२ ग्रॅम. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,६७० पट होते. एवढ्याशा पाण्याची वाफ २०० मिलिलिटर भरते. मगमध्ये मावते सव्वातीनशे. म्हणजे अर्ध्या मगहून जास्त वाफ एका घट्ट दाबलेल्या, बोटभर रुंदीच्याही नसलेल्या फटीतून बाहेर पडायची असते, आणि जाताना ती रंगाचा वायू सोबत ओढून नेते. हवा दमट असली की पाणी याहून जास्त.

संरक्षक कागदात स्वतःचे पाणी असतेच, हे लक्षात ठेवायला हवे. दमट कागद मध्ये घातला तर आपणच वाफ वाढवली असे होते.

उपाय सोपे निघाले. छपाईचा कागद आणि संरक्षक कागद दोन्ही सपाट प्रेसच्या गरम पाटावर काही सेकंद, दाब न देता, कोरडे केले. छापलेली बाजू वर ठेवायची, पाटाला लावायची नाही. सपाट प्रेस नसेल तर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा. त्यानंतर काढलेल्या प्रिंटमधला ढग गेला. निळे ठिपके कमी झाले पण पूर्ण गेले नाहीत. भिंगातून पाहिले तर उरलेल्या प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध बारीक तंतू होता. ती ओल नव्हती, कापडाचा सुटलेला तंतू होता. मग पुसायला तंतू न सोडणारे कापड आणि अल्कोहोल वापरल्यावर तेही थांबले.

कागदांचे गठ्ठे आता झाकणाच्या डब्यात ठेवते.

१३ जून

धाकटी बहीण मदतीला आली होती. बाद कागद गोळा करताना तिने एक तुकडा खिडकीशी धरला आणि म्हणाली, "ताई, हा कागद तर वाचता येतोय."

अक्षरे खरोखरच वाचता येत होती, पण मला त्यात दुसरेही बरेच काही दिसले. सगळे क्रमांकित तुकडे टेबलावर पसरले आणि प्रत्येकाशेजारी त्याचा मग ठेवला.

त्यातला एक इथे नीट लिहून ठेवते. तुकडा न्यूजप्रिंटचा. मधला भाग एकसारखा पिवळसर, भाजल्यासारखा. वरच्या कडेला मात्र सहा-सात मिमी रुंदीचा पट्टा कोरा पांढरा राहिलेला. म्हणजे तिथे पॅडची उष्णता नीट पोहोचली नाही. त्या क्रमांकाचा मग उचलला. प्रिंटची वरची कड फिकट, काळ्याचा करडा झालेला. मग काठाशी किंचित आत वळतो, त्यामुळे पॅड तिथे टेकत नाही. दुसरी खूण त्याच तुकड्यावर खालच्या बाजूला, पिवळ्या भागातून तिरपी जाणारी सुतासारखी पांढरी रेघ. कागदाला चुणी पडली होती. मगवर बरोबर त्याच जागी भरीव रंगातून एक फिकट रेघ गेलेली, बोटाला लागत नाही, डोळ्याला दिसते. तिसरी खूण डाव्या टोकाला, छपाईच्या कागदाची कड जिथे संपते तिथून बाहेर पसरलेला निळा पंखा. वायू तिथून निसटला होता, म्हणजे त्या टोकाला छपाईचा कागद घट्ट चिकटलेला नव्हता. चिकटवलेली टेप अर्धवट सुटलेली होती.

मगवरून काय झाले एवढेच कळते. ते कुठल्या कारणाने झाले हे कागद सांगतो. पिवळेपणा उष्णतेचा आणि दाबाचा नकाशा आहे, रंगाची छाया वायू कुठून गेला ते दाखवते. यापुढे कामाच्या दिवशी प्रत्येक संरक्षक कागद टाकण्याआधी एकदा उजेडात धरायचा, आणि काही वेगळे दिसले तर पुढचा मग लावण्याआधी ते दुरुस्त करायचे. टेफ्लॉनची शीट हे सांगू शकत नाही. न्यूजप्रिंटच्या बाजूने माझ्या मनात आता हे सर्वात मोठे कारण आहे.

१५ जून

वापरलेला कागद पुन्हा वापरता येईल का, हा प्रश्न काटकसरीचा आहे आणि तो सोडून देता येत नाही.

वापरलेला न्यूजप्रिंट, आतली बाजू आतच ठेवून, कोऱ्या मगभोवती दाबला. मगवर आधीच्या कामातली ओळ आली, पुसट पण सुलटी, सरळ वाचता येणारी. छपाईच्या कागदावर अक्षरे उलटी असतात, मागून झिरपून संरक्षक कागदाच्या आतल्या बाजूवरही ती उलटीच बसतात, आणि तिथून मगवर गेली की सुलटी होतात.

प्रत्यक्ष कामात मध्ये छपाईचा नवा कागद असतो, त्यामुळे जुना रंग मगपर्यंत पोहोचायला वाव कमी. पण छपाईचा कागद जिथे संपतो, म्हणजे काठाशी, तळाशी आणि हँडलच्या दोन्ही बाजूंना, तिथे मग उघडाच असतो. कागद हाताने ठेवताना दोन मिमी इकडेतिकडे होतोच, आणि जुनी छाया त्या उघड्या पट्टीत येऊन बसते. आतली बाजू बाहेर करून वापरला तर तोच रंग पॅडला जातो, म्हणजे जे टाळायला कागद घातला तेच घडते.

संरक्षक कागद एका मगला एक. वापरलेले तुकडे टेबलावर अंथरायला आणि गरम मग टेकवायला वापरते, प्रेसमध्ये परत नाही.

छपाईच्या कागदाचे समासही वाढवले. पूर्वी डिझाइनच्या अगदी कडेने कापत असे, आता जिथे जागा आहे तिथे कोरा समास ठेवते. समास मगलाच झाकतो, त्यामुळे निसटलेला रंग पांढऱ्या जागेवर बसण्याआधी कागदावर बसतो.

१६ जून

दाब आणि वेळ. न्यूजप्रिंटचा एक थर इतका पातळ आहे की दाबाचा स्क्रू हलवावा लागला नाही. झेरॉक्सचा एक थर घातल्यावर दांडा जाणवेल इतका जड झाला, स्क्रू थोडा सैल केला. दोन थर घातले तर पॅडची उष्णता पोहोचायला उशीर होतो, काळा जरा राखाडी राहतो. वेळ दहा सेकंद वाढवल्यावर काळा भरला. पण वेळ वाढवायलाही मर्यादा आहे, फार वाढवला तर बारीक रेघा सुजतात आणि काळ्यात तपकिरी झाक येते. दोन थरांची गरज मला फक्त भरीव गडद रंगाच्या कामात दिसते, जिथे मागून झिरपणारा रंग एका थरातून पुढे जातो. पॅडकडच्या बाजूला आकृती स्पष्ट दिसू लागली तर दुसरा थर घालायचा. हेही कागदच सांगतो.

कंट्रोलरवरचा तापमानाचा आकडा पॅडचा असतो, मगचा नव्हे. थंड मग लावला की आकडा खाली येतो आणि माझ्या यंत्रात टायमर पुन्हा ठरलेल्या तापमानाला पोहोचल्यावर सुरू होतो. म्हणून सकाळचा पहिला मग आणि सलग कामातला पाचवा मग एकाच वेळेत सारखे निघत नाहीत. पहिल्या मगआधी पॅड एका बाद मगवर बंद करून तापवून घेते.

हीट टेप, म्हणजे छपाईचा कागद मगला चिकटवायची उष्णता सोसणारी टेप, डिझाइनवरून जाऊ द्यायची नाही. समासावर लावायची, टोके ताणून. संरक्षक कागद टेपने मगला चिकटवत नाही, तो मगभोवती धरून तसाच पॅडमध्ये सरकवते. तो टेपवरूनही जातो, त्यामुळे टेपचा चिकटपणा पॅडला लागत नाही.

१८ जून

मूळ काम आज केले. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या बाजूला.

क्रम असा बसला की हात न थांबता चालतो. एक मग दाबात असताना पुढचा पुसून, छपाईचा कागद चिकटवून तयार. टायमर वाजला की दांडा सोडायचा, हातमोज्याने हँडल धरून मग सरळ वर उचलायचा. न्यूजप्रिंट बहुधा पॅडमध्येच राहतो, तो चिमट्याने काढून उजेडात धरायचा. छपाईचा कागद गरम असतानाच एका टोकापासून एका ओढीत काढायचा. मध्येच थांबून कागद पुन्हा टेकला तर रंग अजून वायूच्या तापात असतो आणि दुसरी, किंचित सरकलेली प्रतिमा बसते. मग थंड पाण्यात बुडवत नाही, एवढ्या तापातून एकदम थंड पाण्यात गेल्यावर तडा जाऊ शकतो. वापरलेल्या कागदांच्या थरावर ठेवून आपोआप निवू देते.

एका कागदावर तळाकडचा पट्टा पांढरा दिसला. मग जरा तिरका बसला होता. पुढचा मग लावताना तळ पॅडच्या कडेशी जुळवून घेतला आणि पट्टा नाहीसा झाला. तो मग बाद करावा लागला नाही, तिथे डिझाइनच नव्हते, पण खूण वेळीच दिसली म्हणून पुढचे मग वाचले.

सगळे मग स्वच्छ. रेघा बारीक, पांढरा पांढराच. शेवटी एक कोरा मग थेट पॅडमध्ये, कागदाशिवाय दाबून पाहिला. काम सुरू करण्याआधी जेवढी अगदी पुसट छटा यायची तेवढीच आली, नवी अक्षरे नाहीत, नवा रंग नाही.

२० जून

प्रेसऐवजी ओव्हनमध्ये मग छापणाऱ्यांसाठी हेच लागू पडते का, ते श्रिंक फिल्मच्या (तापवल्यावर आकसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) नळीत मग घालून पाहिले. छपाईच्या कागदावर न्यूजप्रिंटचा थर, त्यावर नळी, आणि गरम हवेने नळी आवळून घेतली. कागद नसताना नळीच्या आतल्या बाजूला रंगाची आकृती उमटते, कागद असताना ती न्यूजप्रिंटवर राहते. फिल्म एकदाच वापरायची असल्याने तिला फरक पडत नाही, पण सिलिकॉनचा पट्टा वापरणाऱ्यांना पडेल, तो पुन्हा पुन्हा वापरतात आणि पॅडसारखाच रंग पितो. इथे चुणीची काळजी जास्त घ्यावी लागते. फिल्म आवळताना कागद तिच्यासोबत ओढला जातो, म्हणून न्यूजप्रिंटची टोके एकमेकांवर येणार नाहीत इतकाच तो कापायचा.

२३ जून

पुढचे काम निमुळत्या मगचे. त्याला सरळ कापलेला कागद बसत नाही, वर ताणतो आणि खाली गोळा होतो. तिथे पडणाऱ्या चुण्या प्रिंटमध्ये उतरणार हे १३ तारखेच्या तुकड्यावरून कळलेलेच आहे. संरक्षक कागदही कमानीच्या आकारात कापावा लागेल.

माप असे काढले. वरचा व्यास, खालचा व्यास आणि मगच्या तिरक्या अंगाची लांबी मोजायची. तिरकी लांबी गुणिले वरचा व्यास, भागिले दोन्ही व्यासांमधला फरक, ही बाहेरच्या कमानीची त्रिज्या. तीतून तिरकी लांबी वजा केली की आतल्या कमानीची. माझ्या मगचा वरचा व्यास ९०, खालचा ६०, तिरके अंग १०५ मिमी. बाहेरची त्रिज्या ३१५, आतली २१०. पूर्ण वेढ्याला कोन साधारण ५१ अंश, त्यातून हँडलची जागा वजा.

जाड पुठ्ठ्याचा साचा कापून मगभोवती गुंडाळून पाहिला, वर-खाली सारखा बसतो. संरक्षक कागदासाठी दुसरा साचा केला, बाहेरची त्रिज्या १० मिमी जास्त, आतली १० मिमी कमी. न्यूजप्रिंटचे दहा तुकडे एकावर एक ठेवून एकदम कापले, कडा स्वच्छ आल्या. निमुळते पॅड आले की पहिला मग कोराच दाबायचा, कागदाचा पिवळेपणा पाहायचा आणि त्यानंतरच प्रिंट लावायची.